बावन्न खजुरी आणि निळी दोरी

परवा सकाळी बाल्कनीचं सरकतं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. पाच महिन्यांनी. एसीची घरघर बंद झाली तसे खालच्या कडुनिंबातले बुलबुल ऐकू आले. आमची सई अकरावीत आहे, ती पांघरुणातून ओरडली, "आई, इट्स थर्टी वन डिग्रीज! क्लोज द डोअर!" एकतीस म्हणजे थंडीला सुरुवात झाली, हे जन्मभर दुबईत राहून या पोरीला कळू नये याचं मला नवल वाटतं. माझा नवरा मिलिंद चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "झालं. आता मार्चपर्यंत आम्हाला बायको नाही." खोटं नाही बोलला. ऑक्टोबर लागला की मी घरात असते, पण घरची नसते.

मी झाडांचं काम करते. म्हणजे बागकाम नव्हे हो, कुंडीत तुळस लावणं नव्हे. रस्त्याकडेची, व्हिलांच्या वसाहतींमधली, हॉटेलांच्या आवारातली हजारो झाडं हिवाळ्यासाठी तयार करणं हा माझा धंदा. शेतकी कॉलेजात शिकत होते तेव्हा पुस्तकात लिहिलेलं असायचं की थंडीसाठी तयारी म्हणजे झाडाला झोपवायची तयारी. पाणी तोडा, खत थांबवा, पानं गळू द्या. इथे येऊन पहिल्याच वर्षी ते सगळं पुस्तक उलटं धरावं लागलं. इथे झाड उन्हाळाभर डोळे मिटून, श्वास धरून बसलेलं असतं आणि थंडीत त्याला उठवायचं असतं. आपल्याकडे जे काम फाल्गुन-चैत्र आपसूक करतात, ते इथे आम्ही माणसं करतो, ऑक्टोबरात, आणि ते चोख करावं लागतं. मला ते चोख येतं. यात लाजायचं काय?

अरब म्हातारे पहाटेच्या आकाशात दक्षिणेकडे एक तारा शोधतात, सुहैल. तो दिसला की म्हणतात, उन्हाळ्याची पाठ मोडली. त्याला आपण अगस्ती म्हणतो हे मला कळलं तेव्हा मी साइटवर उभ्या उभ्या टाळी वाजवली होती. अगस्ती उगवला की पाणी निवळतं असं माझे आजोबा सांगायचे. इथे निवळायला पाणी कुठलं, पण हवा निवळते. क्षितिजावरची पिवळट धूळ खाली बसते आणि लांबचे टॉवर धुतल्यासारखे दिसायला लागतात.

मग आमची लगबग. वाफे खणून माती वरखाली करायची, त्यात खत मिसळायचं. त्या खताचा आणि शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा मिळून जो वास सुटतो, त्याला सुगंध म्हणणारी मी एकटीच असेन. सई गाडीत बसताना नाक दाबते. पिटुनियाची रोपं ट्रेमधून येतात, करंगळीएवढी, आणि तीन आठवड्यांत जांभळी-पांढरी होऊन रस्त्याच्या मधोमध मिरवतात. बोगनवेल छाटायची. कडुनिंब विरळ करायचे, कारण थंडीतला वारा सुटला की दाट झाड शिडासारखं फुगतं आणि मुळासकट आडवं होतं. पाण्याचे टायमर दोन वेळांवरून एका वेळेवर आणायचे. घाफ हा इथला रानवृक्ष मात्र सोडून द्यायचा. तो वाळवंटाचा जावई, त्याला हात लावलेला चालत नाही. आणि सगळ्यात शेवटी खजुरी. जुन्या झावळ्या उतरवायच्या, खोड साफ करायचं, आणि नव्याने आणून लावलेली खजुरी असेल तर तिची बांधलेली झावळी सोडायची.

हे शेवटचं काम आलं की मी स्वतः जाते. मग शिडीवर कोण आहे, खाली कोण आहे, काही बघत नाही. माझ्या हाताखालची माणसं आपसात हसतात, "मॅडम का रस्सी-डे आ गया." हसू देत. त्यांना दोन हजार आठ माहीत नाही.

त्या वर्षी आम्ही कुणीच जमिनीवर चालत नव्हतो. शहराबाहेर, जिथे परवापर्यंत उंट होते, तिथे व्हिलांची एक मोठी वसाहत उठत होती आणि तिच्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खजुरी लावायचं काम आमच्या कंपनीकडे, म्हणजे माझ्याकडे होतं. बावन्न झाडं. अल ऐनच्या शेतांवरून ट्रेलरवर आडवी झोपून आली होती. खजुरीचं झाड असं हलवताना तिच्या सगळ्या झावळ्या वर गोळा करून घट्ट बांधतात, अंबाडा बांधावा तशा, आणि वरून गोणपाट गुंडाळतात. आतला कोवळा कोंब वाचावा म्हणून. मुळं धरली, थंडी जवळ आली, की ते बांधलेलं सोडायचं.

माझा मुकादम होता हसनचाचा. दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावचा, माडा-पोफळीत वाढलेला, तीस वर्षं आखातात काढलेली. पांढरी दाढी, डोक्याला भिजवलेला पंचा. सगळी साइट मला मॅडम म्हणायची, हा एकटा 'बाय' म्हणायचा. माझ्या पदवीचा त्याच्यावर काडीचा परिणाम नव्हता, आणि म्हणून तो मला आवडायचा.

बांधायला आम्ही नेहमी सुंभ वापरायचो, काथ्याचा. त्या वेळी शारजाच्या औद्योगिक भागातल्या आमच्या स्टोअरमध्ये सुंभ संपला होता आणि पुढचा माल यायला दहा दिवस होते. मालकांना मात्र चार दिवसांत झाडं उभी हवी होती, कुणी बडे पाहुणे येणार म्हणून. कोपऱ्यात नायलॉनच्या निळ्या दोरीची रिळं पडली होती. मी म्हटलं, घ्या ती.

हसनचाचाने दोरी बोटांत चोळून पाहिली. "बाय, ही कुजणारी नाय. सुंभ कसा, दोन म्हयन्यांत आपला आपण सुटतो. हिला सोडायला माणूस लागतो."

"मग माणूस नाही का आपल्याकडे?" मी म्हटलं. "चाळीस माणसं आहेत, चाचा. मी आहे, तुम्ही आहात. जाणार कुठे?"

तो रीळ खांद्यावर टाकून निघाला. त्या 'जाणार कुठे'ची मला आजही लाज वाटते. पण तेव्हाच्या दुबईत हाच प्रश्न वेड्यासारखा वाटला असता. माणसं रोज येत होती, विमानं भरभरून. जाण्याचा विचार करतंय कोण?

आणि मग मंदी आली, दोन महिन्यांत माणसंच गेली. कसं झालं ते आता कुणी विचारलं तर मला नीट सांगताही येत नाही. एका आठवड्यात साइटवर क्रेन फिरत होत्या, पुढच्या आठवड्यात त्या वाकडी मान करून थांबल्या त्या थांबल्याच. मिलिंदच्या ऑफिसात रोज एक खुर्ची रिकामी व्हायची. तो घरी येऊन फक्त नाव सांगायचा, आज पिल्ले, आज फर्नांडिस. आमच्या खजुरींची ती वसाहत बंद झाली. फाटकाला कुलूप, ठेकेदारांना मज्जाव. माझी चाळीस माणसं पाचावर आली. मी सगळ्यांसारखीच घाबरले होते, आणि त्या घाबरण्यात मला ते बावन्न अंबाडे आठवलेच नाहीत. इतकी मी शहाणी.

आठवले ते डिसेंबरातल्या पहिल्या धुक्याच्या सकाळी. शारजाकडे चालले होते, पुढची गाडी दिसेना. काच पुसली तरी पुन्हा ओली. आणि एकदम लक्षात आलं. हेच धुकं आता त्या गोणपाटात मुरत असणार. बांधलेल्या झावळ्यांच्या आत वारा नाही, ऊन नाही, नुसती ओल. कोंब कुजणार. आणि खजुरीला कोंब एकच असतो. आंब्याची फांदी गेली तर बाजूने दुसरी फुटते, खजुरीचा कोंब गेला की झाड गेलं. गंमत बघा, पाणी त्यांना रोज मिळत होतं, कारण टायमर बंद करायलाही तिथे कुणी उरलं नव्हतं. मूळ जिवंत, खोड जिवंत, आणि डोकं माझ्या दोरीने आवळलेलं.

स्टोअरमध्ये हसनचाचा कोयत्या पुसून पेटीत भरत होता. मी धापा टाकत म्हटलं, "चाचा, दोऱ्या!"

"मला कवाच म्हायतीये," तो म्हणाला. "तुला कधी आठवतं ते बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो की. रीळ घेतलंस तेव्हा." मग कोयती बाजूला ठेवून म्हणाला, "माझा पण व्हिसा कॅन्सल झालाय गो. शुक्रवारचं विमान आहे. काय करायचं ते त्याच्या आत कर."

तो सोमवार होता.

आमचे मॅनेजर म्हणाले, ती झाडं आता आपली नाहीत, विसरा. मी म्हटलं, झाडं आपली नसतील, दोरी आपली आहे, आणि ती मी बांधायला सांगितली होती. ते म्हणाले, असं मोठ्याने बोलू नका, कमी करायच्या माणसांच्या पुढच्या यादीचं काम चालू आहे. मी तिथून सरळ जुमेरा लेक टॉवर्सला गेले, त्या वसाहतीच्या मालकांच्या ऑफिसात. अख्ख्या मजल्यावर एक माणूस. इजिप्तचा एक इंजिनीअर, टाय सैल, पुढ्यात थंड चहा. खिडकीतून थांबलेल्या क्रेन दिसत होत्या. कोपऱ्यातल्या कुंडीत एक रबराचं झाड वाळत चाललं होतं. मी सवयीने त्याच्या मातीत बोट खुपसलं आणि टेबलावरची पाण्याची बाटली उचलून ओतली. तो बघतच राहिला.

मी आत जायचा पास मागितला. तो म्हणाला, "खलास, मॅडम. प्रोजेक्ट खलास. काम करायला कुणालाही आत सोडायची परवानगी नाही."

मी त्याला अंबाडा, कोंब, धुकं, सगळं समजावलं. त्याने थकलेल्या आवाजात विचारलं, "नायलॉन का वापरली? कुणाची चूक?"

"माझी," मी म्हटलं. "मुकादम नको म्हणत होता. मी ऐकलं नाही."

तो माणूस हसला. खरंच हसला, खुर्चीत मागे रेलून. म्हणाला, "महिनाभर या टेबलासमोर लोक येऊन बसताहेत. बँकेची चूक, अमेरिकेची चूक, माझी चूक. स्वतःची चूक सांगायला आलेली तू पहिली." मग त्याने ड्रॉवरमधून पासचं पुस्तक काढलं. काम करायचा पास त्याला देता येत नव्हता. पण ठेकेदारांना आपापलं सामान बाहेर काढायचा पास देता येत होता. सगळे तेच नेत होते, पाइप, मोटारी, पत्रे. त्याने लिहिलं, 'मटेरिअल आऊट. निळी नायलॉन दोरी, सगळी.' खाली, 'व्यक्ती दोन. बुधवार, सूर्यास्तापर्यंत.' आणि 'सगळी' शब्दाखाली रेघ मारली.

बुधवारी सकाळी फाटकावर पठाण वॉचमनने पास उलटसुलट करून वाचला. "सिर्फ रस्सी?" त्याला पटेना. "कितने आदमी?"

"दो."

त्याने रजिस्टरमध्ये दोन लिहिलं.

एक शिडी, दोन कोयत्या, आळीपाळीने वर चढायचं. त्या दिवसासारखं काम मी त्याआधी केलं नव्हतं, नंतरही नाही. साडी-दागिन्यांची हौस मला कधी नव्हती, पण त्या दिवशीच्या माझ्या हातांचा फोटो काढून ठेवायला हवा होता. हातमोज्यांतून खजुरीचे काटे थेट आत. "वरून खाली ये," हसनचाचा ओरडायचा, "खालून वर गेलीस तर झावळी थोबाडीत देईल." दिलीच, दोनदा. गोणपाट सोडला की आतून आंबूस वास यायचा. मग तो आत हात घालून कोंब हलक्या हाताने ओढून बघायचा. घट्ट, म्हणजे जिवंत असला की म्हणायचा, "हाय." एवढंच. एक शब्द. तो ऐकायला मी खाली शिडी धरून जीव मुठीत घेऊन उभी असायचे. मग शेवटची गाठ तुटायची आणि झावळ्या सुटायच्या, एकदम नाही, हळूहळू, करकरत, अवघडलेली पाठ सरळ करावी तशा. पिवळ्या पडलेल्या, मोडक्या, पण मोकळ्या.

तीन कोंब सुटून हातात आले. पहिला आला तेव्हा त्याने तो गुपचूप माझ्यापुढे धरला. मी रडले, उघड रडले. मी म्हटलं, "चाचा, मी मारलं हे झाड." तो म्हणाला, "हो. आता पुढचं बघ. ऊन चाललंय." खोटं सांत्वन करायची त्याची पद्धत नव्हती, आणि तेच बरं होतं.

साडेपाचला शेवटची खजुरी सुटली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकोणपन्नास विस्कटलेली डोकी वाऱ्यावर हलत होती, मागे सिमेंटच्या रिकाम्या व्हिला, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. अख्ख्या त्या उजाड पसाऱ्यात हलणारी तेवढीच एक गोष्ट. हसनचाचाने दोरीचे तुकडे पोत्यात भरले, त्यातले लांब लांब निवडून वेटोळं केलं. "ही मी नेतो. खोक्याला बांधायला. कुजत नाय, सामानाला हीच बरी." शुक्रवारी विमानतळावर तीस वर्षांचं त्याचं सामान दोन खोक्यांत होतं, आणि खोक्यांभोवती माझी निळी दोरी, अशी आवळलेली की कस्टमवाल्याच्या बापाला सुटली नसती. मला म्हणाला, "बाय, माणूस नसला तरी सुटेल असंच बांधत जा." आणि वळून न बघता आत गेला.

मी पुढच्या यादीत नव्हते. का नव्हते, मला माहीत नाही. मंदी सरली, क्रेन पुन्हा हलल्या, शहर पुन्हा ऐटीत चालायला लागलं. लोकांना हल्ली ते वर्ष आठवायलाही आवडत नाही. मला आवडतं. माझ्या धंद्यातलं जे काही मला खरोखर येतं, ते मी त्या डिसेंबरात शिकले. तेव्हापासून माझ्या स्टोअरमध्ये नायलॉनचं एक रीळ सापडलं तर स्टोअरकीपरची धडगत नसते.

यंदा कंपनीला एका वसाहतीची हिवाळी देखभाल मिळाली. नाव नवं, फाटक नवं, पत्ता वाचला आणि मी खुर्चीतच बसून राहिले. तीच. गेल्या आठवड्यात गेले. व्हिलांना खिडक्या आल्यात, खिडक्यांना पडदे. मुलं सायकली फिरवत इंग्रजीत भांडत होती. आणि माझ्या खजुरी! सहा-सहा मीटर खोड, वर हिरवागार घेर. मेलेल्या तिघींच्या जागी कुणी दुसऱ्या लावल्यात, त्या थोड्या बुटक्या आहेत, मला लगेच ओळखू आल्या.

सेल्वम हा माझा जुना माणूस शिडीवर चढून खोडांवरचे वाळके देठ छाटत होता. एकदम म्हणाला, "मॅडम, इधर कुछ नीला फँसा है."

शिडीच्या दोनच पायऱ्या चढाव्या लागल्या. देठाच्या बेचक्यात, आत रुतलेला, वीतभर तुकडा. घाईत राहून गेलेला. खजुरीचं एक असतं, ती खालून वाढत नाही, वरच वाढते. त्यामुळे तो तुकडा दोन हजार आठच्या डिसेंबरात जिथे होता तिथेच होता, माझ्या डोक्यापासून हातभर वर. तिथे तेव्हा झाडाचं डोकं होतं. त्याच्या वरचं सगळं झाड नंतरचं. मी मान वर करून बघत राहिले. किती वर गेली होती बाई ती!

फोटो काढून हसनचाचाला पाठवला. तो गावी असतो, पंचाहत्तरीला आलाय, माडांवर आता चढत नाही पण खालून चढणाऱ्यांना शिव्या देतो. पाच मिनिटांत त्याचा आवाज आला, मागे कोंबड्यांचा कलकलाट. "बाय, पासवर काय लिवलं होतं? सगळी दोरी. सगळी म्हंजे सगळी. ती काढ नि मगच घरी जा."

मी स्वतः काढली. सुटता सुटेना. उन्हाने पांढरी पडली होती, पण पीळ तसाच. शेजारच्या सीटवर ठेवली आणि निघाले. फाटकावर वॉचमनने हात दाखवून गाडी थांबवली. बाहेर जाणाऱ्या गाड्यांचं रजिस्टर त्याच्या हातात. नवा माणूस, नेपाळी.

"कुछ सामान है मॅडम?"

"है," मी म्हटलं. "रस्सी. नीली."

त्याने आत वाकून त्या वीतभर तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पण लिहिलं, आणि पुढचा रकाना बघून विचारलं, "कितने आदमी?"

"दो."

"आप तो अकेली हैं, मॅडम."

"लिखो ना भाई," मी म्हटलं, "दो."

त्याने दोन लिहिलं आणि मी खाली सही केली.